भट्टीचा घास

अक्काने टोपली भट्टीच्या माथ्यावर आणून ठेवली आणि तिच्यावरचे फडके बाजूला केले. आत कोवळे आंबे होते, लिंबाहून थोडे मोठे. देठाकडे हिरवेगार, टोकाकडे मात्र प्रत्येक आंबा काळा पडलेला, जणू कोणी एकेक उचलून त्याचे टोक निखाऱ्याला लावले असावे.

"बघ," ती म्हणाली.

आगवाला तिचा धाकटा भाऊ. चोवीस वर्षे तो वीटभट्ट्यांची आग सांभाळत आला होता आणि त्याचे खरे नाव आता बहिणीखेरीज कोणाच्या तोंडी नव्हते. त्याने एक आंबा उचलला, काळ्या टोकावर अंगठा दाबला. साल आत गेली.

"पाय भाजतील तुझे, अक्का. खाली चल."

"भाजू देत. बांधापलीकडं तुमच्या धुरानं एक्केचाळीस झाडं भाजली, तिथं माझ्या पायांचं काय घेऊन बसलास!"

तिचे पाय खरोखरच भाजत होते. ती साध्या चपला घालून वर आली होती आणि एका पायावरून दुसऱ्या पायावर भार टाकत उभी होती. भट्टी जमिनीत निम्मी गाडलेली, लंबगोल, मधोमध चिमणी. आत कच्च्या विटा रचायच्या, वर राखमातीचा थर अंथरायचा आणि थरात हातहात अंतरावर ठेवलेल्या भोकांतून कोळसा सोडायचा. प्रत्येक भोकावर लोखंडी झाकण. आग एका जागी राहत नाही. ती विटांमधून रोज वीसेक फूट पुढे सरकते आणि अठरा दिवसांत भट्टीचा फेरा पुरा करते. तिच्या पुढे नव्या विटांची रचाई चालू असते, मागे पक्क्या विटांची काढणी. माथ्यावर काम करणारी माणसे म्हणूनच लाकडी तळाच्या चपला वापरतात.

"व्यापारी सकाळी आला होता," अक्का म्हणाली. "एक आंबा हातात घेतला, टाकला, रुमालाला बोटं पुसली आणि चालता झाला. भाव पाडून मागितला असता तरी बरं वाटलं असतं. तुझे दाजी तेव्हापासून ओट्यावर बसलेत, भिंतीकडे तोंड करून."

आगवाल्याने हातातला आंबा टोपलीत परत ठेवला.

"तुझ्या मालकाचा कागद आलाय घरी. झाडं तोडायची आणि बागेची माती विटांसाठी भट्टीला द्यायची. दाजींनी सही केली. जमीन दोघांच्या नावावर आहे, म्हणून माझी राहिलीय. महिनाअखेरपर्यंत मुदत आहे."

"मग मी काय करू, अक्का? भट्टी म्हटली की धूर आलाच. धूर काळाभोर निघाला की समजायचं आग जोरात आहे. फिका पडला तर आमच्या पोटात गोळा येतो."

"आणि माझ्या पोटात आलाय त्याचं?"

आगवाल्याचा जोडीदार अंगाने उंच आणि चालीने संथ. त्याला सगळे उंट म्हणत. तो फावड्यावर रेलून हे ऐकत होता. "उस्ताद," तो म्हणाला, "अक्कांच्या हातात एक फावडं द्या. एक घास टाकला की कळेल त्यांना, धूर कमी करा म्हणणं किती सोपं आहे ते."

भोकातून कोळसा सोडण्याला भट्टीवर घास म्हणत.

"मी फावडं मागायला आले नाही," अक्का म्हणाली. "मी बसणार आहे. त्या छपराखाली. दिवसभर. तुम्ही काय करता ते बघणार आहे."

आणि ती खरोखर बसली.

दुपारपर्यंत तिने जे पाहिले ते असे. दोघे झाकणे उघडत, पेटत्या भागावरच्या तीन रांगांतील प्रत्येक भोकात कोळशाची सहा सहा फावडी घाईघाईने रिचवत, झाकणे आपटून बंद करत आणि छपराखाली येऊन पाठ टेकत. थोड्याच वेळात चिमणीतून काळा लोट निघे. तो वर फारसा जात नसे. वाऱ्याने वाकून बागेच्या शेंड्यांवरून सरकत जाई. वीसेक मिनिटांनी तो विरळ होई, मग करडा, मग फिका. फिका झाला की आगवाला अस्वस्थ होऊन उठे आणि पुन्हा सहा सहा फावडी.

तिसऱ्या खेपेला धूर फिका झाला तेव्हा अक्का उठून वर गेली. "झाकण उघड."

"कशाला?"

"उघड म्हटलं ना."

त्याने आकड्याने झाकण उचलले. आत विटांच्या फटींत आग पिवळीधमक होती. तिच्याकडे पाहवत नव्हते. मग घास पडला. पाच मिनिटांनी तिने पुन्हा झाकण उघडायला लावले. आत अंधार होता. तळाशी कुठेतरी मंद तांबडा पट्टा धुमसत होता आणि वर चिमणी काळी ओकत होती.

"आता सांग," ती म्हणाली, "आग जोरात कधी होती?"

"वर ऊन आहे, अक्का. घरी जा." तो तिच्याकडे न पाहता म्हणाला.

ती गेली, पण आपल्या घरी नाही. भट्टीच्या कडेला मजुरांच्या खोल्यांची रांग होती. तिथे आगवाल्याची बायको नुकतीच कामावरून आली होती. ती रचाईच्या बायांमधली सगळ्यांत जुनी. हातांना विटांच्या कडांनी पडलेले घट्टे, भुवयांत राख. तोंड धुताना तिला खोकल्याची उबळ आली आणि ती मोरीच्या कठड्याला धरून वाकली. थुंकी काळी होती. तिने वरून पाणी ओतले.

"कधीपासून?" अक्काने विचारले.

"रचाई सुरू झाल्यापासून, वन्सं. सगळ्याच बायांना आहे. आम्ही आता एकमेकींना खोकल्यावरूनच ओळखतो."

दिवस मावळताना आगवाला घरी आला, तेव्हा अक्का चुलीसमोरचा पाट रिकामा सोडून भिंतीला टेकून बसली होती. "आज चूल हा पेटवेल," ती म्हणाली.

बायकोला हसू आवरेना. "हे? लग्नाला बावीस वर्षं झाली, चुलीपुढे बसलेले पाहिले नाहीत. भट्टीवर राजे आणि घरात पाहुणे!"

"त्यात काय एवढं!" आगवाला पाटावर बसला. हजारो विटा भाजणाऱ्या माणसाला एक भांडे तापवायचे होते. त्याने काटक्यांची मूठ घेतली, चुलीच्या तोंडात कोंबली, त्यावर तीन लाकडे सारली, जागा उरली म्हणून चौथे ठोकून बसवले आणि काडी लावली. काटक्या क्षणभर तडतडल्या. मग चुलीने श्वास कोंडल्यासारखे केले आणि सारी खोली धुराने भरली. त्याने फुंकले, धूर त्याच्याच डोळ्यांत गेला. बायको पदर तोंडाशी धरून दाराबाहेर पळाली. शेजारच्या खोलीतून कोणी ओरडले, "अगं, घर जळतंय की नवरा?"

अक्का जागची हलली नाही. डोळ्यांतून पाणी वाहत होते, तरी ती म्हणाली, "वा! काळाभोर आहे धूर. म्हणजे आग जोरात असणार."

आगवाला फुंकायचा थांबला.

बायको परत आली. तिने दोन लाकडे बाहेर ओढून मोरीत विझवली, उरलेल्या दोहोंमध्ये बोटभर फट केली आणि खालची राख ओढून घेतली. फटीतून वारा शिरला आणि जाळ सरळ उभा राहिला. खोलीतला धूर हळूहळू दाराबाहेर गेला.

"आतलं जळलं की मग पुढचं सारायचं," ती म्हणाली. "एकदम कोंबलं की जाळाचा गळाच दाबला जातो. जळायचं ते न जळताच धूर होऊन जातं."

"हे मला इतकी वर्षं का नाही सांगितलंस?"

"तुम्ही विचारलंत कधी? मी कितीदा म्हटलं, माझे वडील विटा अशा रचायचे की वारा सरळ पळत नसे. एकदा डावीकडून जायचा, एकदा उजवीकडून, सापासारखा. सगळ्या विटांना सारखा लागायचा. तुम्ही म्हणालात, रचाईला उशीर होईल, मुकादम ओरडेल."

आगवाल्याने जळते लाकूड बोटभर पुढे सारले. भांड्यातल्या पाण्याला आधण आले तरी तो पाटावरून उठला नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी त्याने उंटाला कोळसा फोडायला बसवले. सुपारीएवढा, त्याहून मोठा नाही. प्रत्येक भोकात एकच फावडे, दर दहा मिनिटांनी, आणि झाकण लगेच बंद. झाकणांच्या कडांनी जिथे वारा आत शिरत होता तिथे ओल्या राखेचे लिंपण. वेळ पाहण्यासाठी अक्काने दाजींचे मनगटी घड्याळ आणून दिले. दाजींनी ते काढून देताना विचारले होते, "याने काय होणार?" आणि उत्तराची वाट न पाहता पुन्हा भिंतीकडे तोंड केले होते.

उंट दुपारीच कातावला. "उस्ताद, ही भट्टी आहे की अंगावरचं पोर? दर दहा मिनिटांनी तोंडाला लावायचं? पाठ टेकायला मिळाली नाही सकाळपासून."

"मलाही नाही मिळाली."

"तुम्हाला बहीण आहे. मला कशाची शिक्षा?"

पण तो फावडे टाकून गेला नाही. त्याच्या तळहाताला फोड आला; त्याने तिथे फडके बांधले आणि हात बदलला. रात्रपाळीच्या जोडीने दोन दिवस जुन्याच रीतीने कोळसा रिचवला. तिसऱ्या दिवशी आगवाल्याच्या पाळीत उरलेला ढीग त्यांनी पाहिला आणि मुकाट्याने घड्याळ मागून घेतले.

पुढच्या टप्प्यात आगवाल्याच्या बायकोने वडिलांच्या रीतीची रचाई धरली. एका ओळीत डावीकडे वाट सोडायची, पुढच्या ओळीत उजवीकडे. बायांना हात बसायला वेळ लागला. जी रचाई एरवी आगीच्या दोन दिवस पुढे असे, ती जेमतेम एक दिवस पुढे राहिली. मुकादम काठीने विटा मोजत फिरला, ओरडला, थकला.

धूर नाहीसा झाला नाही. पहाटेच्या दमट हवेत तो अजूनही खाली बसत असे आणि कोळशाचा उग्र वास बागेत येतच असे. पण काळा लोट बंद झाला. अक्का रोज सकाळी बांधाकडच्या झाडाचे एक पान पांढऱ्या फडक्याने पुसून पाही. पहिल्या दिवशी फडके काजळ धरल्यासारखे झाले होते. पाचव्या दिवशी ते मळके होते, इतकेच. काळी पडलेली फळे काळीच राहिली. मात्र उशिरा धरलेल्या, वाटाण्याएवढ्या फळांची टोके अजून हिरवी होती. ती तिने दाजींना हाताला धरून दाखवली. त्यांनी चष्मा लावून पाहिले, काढून पुसला, पुन्हा लावून पाहिले.

सहाव्या दिवशी मालक आला. गाडी आवारात शिरण्याआधीपासून त्याने हॉर्न दाबून धरला होता. उतरला तो ओरडतच.

"विझवलीत! भट्टी विझवलीत रे! रस्त्यावरून बघतोय, चिमणी कोरडी ठणठणीत! आत तीन लाख विटा आहेत, कोण भरून देणार, तुझा बाप?"

तो चकचकीत बुटांनी माथ्यावर चढला. आगवाल्याने उत्तर न देता आकडा घेतला आणि त्याच्या पायाशी असलेले झाकण उचलले. पिवळ्या जाळाची धग मालकाच्या तोंडावर आली. तो मागे सरला, उंटावर आदळला आणि उंटाने त्याला दोन्ही काखांत धरून पुन्हा उभे केले.

"सांभाळून, मालक. विझलेली आहे, पण चटका देते."

मालकाने भुवयांवरून हात फिरवला. मग त्याने कोळशाचा ढीग पाहिला, मुकादमाकडे पाहिले. मुकादम अनिच्छेने म्हणाला, "कोळसा एक तृतीयांश कमी लागतोय. विटाही सारख्या भाजल्यात."

मालकाचा चेहरा पालटला. त्याने आगवाल्याच्या खांद्यावर थाप मारली. "अरे, मग हे आधी का नाही केलंस? एवढी कडक आग आहे म्हणजे काहीही जळेल. उद्या जुन्या टायरांची गाडी येते. तुकडे करून टाक. भंगारवाला फुकट देतोय."

"टायर नको, मालक. त्याचा धूर विषारी. आम्हालाही आणि समोरच्या बागेलाही."

"कुठली बाग?" मालक हसला. "महिनाअखेरीस तिथे माझी माती असेल. तोडायच्या झाडांची काळजी तू कशाला करतोस?"

गाडी गेल्यावरही आगवाला तिथेच उभा राहिला. इतकी वर्षे त्याला वाटत आले होते की बागेचे नुकसान म्हणजे भट्टीची चूक, आणि चूक मालकालाही नकोच असणार. काळे आंबे मालकाच्या सोयीचे आहेत, हे त्याच्या ध्यानात आज आले. घड्याळात दहा मिनिटे होऊन गेली होती. उंटाने हाक न मारता त्याच्या वाटणीच्या रांगेतही एकेक फावडे टाकले.

टायरांची गाडी दुसऱ्या दिवशी सकाळी आवारात येऊन उभी राहिली. तिच्या मागोमाग मालक. बागेच्या बांधावरून अक्का आणि काही अंतर ठेवून दाजी.

"उतरवा," मालक म्हणाला.

"उतरवू नका," माथ्यावरून आगवाला म्हणाला.

गाडीपाशी आलेल्या माणसांचे हात थांबले. मालकाने मान वर केली. "काय म्हणालास?"

"आग माझ्या हातात आहे तोवर टायर आत जाणार नाही."

"मग आग दुसऱ्याच्या हातात देतो. ए उंटा, घे रे तू."

उंटाने घड्याळ पाहिले. वेळ झाली होती. त्याने फावडे उचलले, कोळशाच्या ढिगात खुपसले आणि पहिल्या रांगेचे पहिले झाकण उघडले. एक फावडे कोळसा. झाकण बंद. दुसरे भोक. एक फावडे. झाकण बंद. पूर्ण रांग संपवून मग तो वळला. "मला बोलावलंत का, मालक?"

कोणीतरी हसले आणि खोकल्यात हसू लपवले.

"दुपारपर्यंत दोघांनीही खोल्या रिकाम्या करायच्या," मालक म्हणाला. "भांडीकुंडी बाहेर. ह्या आवारात दिसायचं नाही."

"खोली रिकामी करतो," आगवाला म्हणाला. "पण पेटलेली आग सोडून खाली उतरणार नाही. ती सोडली तर विटा फुटतील, आणि विटा माझ्या बायकोने रचल्यात. पोलीस आणा, माणसं आणा. मला उचलून खाली ठेवा. मग कोण टायर टाकतंय ते बघू."

मालक मुकादमाकडे वळला. मुकादम काठीच्या टोकाकडे पाहत होता.

तेवढ्यात रचाईच्या टप्प्यातून विटांचा येणारा ठकठक आवाज थांबला. आगवाल्याची बायको कंबरेवर हात ठेवून सरळ झाली, हातातली वीट थप्पीवर परत ठेवली आणि तिच्यावरच बसली. एकेक करत बाकीच्या आठही बाया बसल्या. कोणी घोषणा दिली नाही. एकीने पदराने मान पुसली.

"आता हे काय?" मालक म्हणाला.

"गाडी आवारात आहे तोवर पुढची वीट लागणार नाही," ती म्हणाली. तिला खोकला आला. तो संपेपर्यंत सगळे थांबले. "आग तुमचं ऐकत नाही, मालक. ती चालतच राहणार. पुढं रचलेलं एकाच दिवसाचं आहे. आज संध्याकाळपर्यंत हा टप्पा रचून बंद झाला नाही, तर चिमणी वारा ओढायची थांबेल आणि आग विझेल. मग तीन लाख विटांचं काय होतं ते तुम्हीच आम्हाला कितीदा सांगितलंय."

"दुसऱ्या बाया आणीन!"

"आणा. वाट सोडून रचायला त्यांना चार दिवस शिकवावं लागेल. आम्ही बसलोय, शिकवू."

मालक गाडीपर्यंत गेला, परत आला. मुकादमाशी बोलला. मुकादमाने बोटांवर ओळी मोजून दाखवल्या आणि मान हलवली. माथ्यावर उंटाने दुसरा घास दिला, आगवाल्याने तिसरा. बाया बसून होत्या. सावली थप्प्यांवरून जमिनीवर उतरली, तेव्हा मालकाने ड्रायव्हरकडे न पाहता हात झटकला. गाडीचे इंजिन सुरू झाले. टायरांच्या ढिगाखालून साचलेले काळे पाणी सांडत ती मागे मागे जात फाटकाबाहेर पडली.

आगवाल्याची बायको उठली. आधी तिने वीट उचलली आणि मगच कंबर सरळ केली.

"हा हंगाम संपला की तू इथं संपलास," मालक आगवाल्याला म्हणाला. "या भागातल्या एकाही भट्टीवर तुला उभं राहू देणार नाही."

"हंगामाचे तीन फेरे बाकी आहेत. ते असेच होतील. फिक्या धुराचे."

मालक अक्काकडे वळला. "आणि तुमची सही? उगाच नात्यागोत्यात अडकू नका, बाई. तुमच्या यजमानांनी केव्हाच केलीय."

"मी नाही करणार," अक्का म्हणाली.

दाजी आतापर्यंत फाटकाच्या खांबाला धरून उभे होते. ते पुढे आले. मोठ्याने बोलण्याची सवय मोडल्यासारखा त्यांचा आवाज पहिल्या शब्दावर अडखळला. "माझी सही खोडा."

"केलेली सही खोडता येत नाही."

"मग दुसरा कागद आणा. त्यावर लिहा की चिमणी वीस फूट उंच करणार, कोळशाखेरीज भट्टीत काही जाणार नाही आणि बायांना तोंडाला बांधायला जाड फडकी मिळतील. त्यावर आम्ही दोघंही सही करतो. मी तर दोनदा करीन."

"आणि नाही आणला तर?" मालकाने विचारले.

 उत्तर रचाईच्या टप्प्यातून आले, कच्च्या विटांच्या भिंतीमागून, काम न थांबवता.

"तर आम्हाला बसता येतं, हे आता आम्हाला ठाऊक झालंय."